पान एकवीस

सोमवार, ३ फेब्रुवारी १९९२. दुपारी १ वाजून २० मिनिटे.

वाचनालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत स्टुलावर बसून डबा खात होतो आणि डाव्या हाताने 'भाड्याची अंगठी' या कादंबरीचे एकशे बारावे पान उघडे धरले होते. वाचत नव्हतो. शिवण कुठे सुटली आहे ते पाहत होतो. शिवण बाराव्या पानापाशी सुटली आहे हे सकाळीच समजले होते, पण तपासणी शेवटपर्यंत करावी असा माझा नियम आहे.

पुढच्या पानावर नायिका सासूला सांगणार होती की अंगठी भाड्याची आहे. तेवढ्यात सर आत आले. सर म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक आहेत आणि समीक्षेचा एक ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. मी कादंबरीवर डबा ठेवला.

"काय वाचतोयस?"

"काही नाही सर. खळ वाळायची वाट बघतोय."

"मी दिलेली कादंबरी कुठवर आली?"

"एकतिसाव्या पानावर."

"दिवाणखान्यात ठेवायची वस्तू नाही ती. गेल्या महिन्यातही एकतिसावंच होतं."

"नीट वाचतोय, सर."

हे खोटे नाही. त्या कादंबरीत एक माणूस खिडकीपाशी उभा आहे. एकतीस पाने झाली, तो अजून तिथेच आहे. मी नववीत शाळा सोडली. शुद्धलेखन तेवढे सोडले नाही. पण सर म्हणतात की शुद्धलेखन म्हणजे साहित्य नव्हे, आणि ते खरेच असेल.

पुढच्या महिन्यात वाचनालयाला पन्नास वर्षे होतात. बाहेरून मोठे लेखक यायचे आहेत. त्यासाठी प्रत्येक पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या. "मागच्या कपाटापासून सुरुवात कर," सर म्हणाले. "तिथं एकविसाव्या पानावर नुसता उकिरडा आहे. फुलं काय, चांदण्या काय! वाचनात मन नसलं की माणूस चित्रं काढतो."

मागच्या कपाटात बायकांच्या कादंबऱ्या आहेत. एकविसाव्या पानावर आमचा गोल शिक्का असतो आणि त्याच्याभोवती या खुणा. पोराटोरांचे उद्योग असावेत असे मलाही वाटत आले आहे. पुस्तकावर कोणी काही काढलेले मला खपत नाही. मी लगेच कामाला लागलो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मागचे कपाट पूर्ण. तीनशे सत्त्याऐंशी पुस्तके, चार दिवस. वाचनालयाचे रबर कडक होते, कागद सोलवटला असता, म्हणून मऊ दोन मी स्वतः आणले. सगळी एकविसावी पाने आता स्वच्छ आहेत. काम नीट झाले की मला रात्री शांत झोप लागते.

चार वाजता छत्रीवाल्या बाई आल्या. सभासद क्रमांक ८८. दर गुरुवारी येतात. गुरुवारी सर व्याख्यानाला गेलेले असतात, त्यामुळे पुस्तके देण्याच्या खिडकीवर निवांतपणा असतो आणि तिथे मीच बसतो. बाई नेहमी दोन पुस्तके नेतात. एक मागच्या कपाटातले आणि दुसरे न चुकता सरांचा समीक्षाग्रंथ.

"जाडं वर ठेव, पातळ खाली," त्या म्हणाल्या. "आणि दोरी घट्ट बांध."

"बाई, हा ग्रंथ तुम्ही तीनशेव्या वेळी नेताय."

"पुन्हा पुन्हा वाचण्यासारखाच आहे तो. घरी एक वाचणारे आहेत, त्यांना वरचं पुस्तक बघून बरं वाटतं."

मला फार आदर वाटला. एक गोष्ट मात्र समजत नाही. त्या ग्रंथाची पाने छापखान्यात नीट कापली गेली नाहीत. आठ-आठ पाने वरच्या कडेला जोडलेलीच आहेत. त्यात सुरी घातल्याशिवाय वाचता येणार नाही. बाई पाने फाकवून वरून वाचत असाव्यात. काही लोक पुस्तकाला फार जपतात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मी काय करून बसलो आहे ते आज समजले.

शिलाईवाल्या काकू खिडकीवर न थांबता थेट माझ्या खोलीत शिरल्या. गळ्यात टेप तसाच होता.

"माझं फूल कुठंय रे?"

"कोणतं फूल, काकू?"

"पाच पाकळ्यांचं. एकविसाव्या पानावर. आता हे पुस्तक मी वाचलंय का नाही?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"तुला कशाला, मला कसं माहीत असणार! सगळ्यांत एक सासू, एक नोकरी, एक देखणा माणूस आणि एक चांगला माणूस. नावावरून कळतं होय? फूल असलं की वाचलेलं, नसलं की घरी न्यायचं. सोळा वर्षांचा माझा हिशोब आहे त्या कपाटात. कोणी पुसला?"

मी रबर खिशात टाकले.

"खिशात काय घातलंस?"

त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि सगळे सांगितले. प्रत्येकीची खूण वेगळी. आमच्या नोंदवहीत या कपाटातल्या पुस्तकांची नावे लिहीत नाहीत. बायका दोन दिवसांत पुस्तक बदलतात, लिहिणार किती, म्हणून सभासद क्रमांक आणि पुढे 'किरकोळ' एवढेच लिहायची पद्धत आमच्या ग्रंथपालकाकांनी पाडली. म्हणून बायकांनी आपली नोंद पुस्तकातच ठेवली. समोरच्या गल्लीतल्या नर्सबाईंचा बाण असतो. त्या रडल्या असतील तर बाण उलटा.

"बाण उलटा दिसला की मी ते पुस्तक सुट्टीच्या दिवसासाठी ठेवते," काकू म्हणाल्या. "कामाच्या दिवशी रडले तर टाके वाकडे पडतात माझे. आता सांग, काय बघून नेऊ?"

मी 'सुट्टीच्या दिवशीचा नवरा' त्यांच्या हातात दिले आणि शेवट गोड आहे म्हणून सांगितले.

"तुला काय माहीत?"

"शिवण तपासताना शेवटचं पान दिसलं."

"बरं दिसलं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

घरी ताईने पदर खोचलेलाच होता. ताई इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवले. यंत्र थांबेपर्यंत ती या कादंबऱ्या वाचते आणि तिची खूण म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा.

"माझे चिमटे तू खोडलेस म्हणे? गल्लीभर झालंय. माझा सख्खा भाऊ!"

"सरांनी सांगितलं, ताई. आणि ती काही फार मोठी पुस्तकं नाहीत."

हे वाक्य माझ्या तोंडून कसे गेले कोण जाणे. सरांचेच वाक्य आहे.

ताई हातातले काम ठेवून म्हणाली, "दिवसभर मी परक्या माणसांच्या रक्ताच्या चादरी धुते. घरी येऊन पुस्तकातही रक्तच वाचू? तुझ्या सरांना म्हणावं, एक दिवस या धुलाईघरात, मग सांगा मला जीवन म्हणजे काय."

मी जेवलो नाही. जेवलो नाही म्हणजे उशिरा जेवलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

फलकावर परिपत्रक लागले आहे. जसेच्या तसे उतरवतो. 'मागील कपाटातील स्त्रीयांच्या टाकाऊ कादंबऱ्या रद्दीत काढून त्या जागी अभिजात ग्रंथ ठेवण्याचा प्रस्ताव रविवार, २३ रोजी कार्यकारिणीपुढे येईल.'

स्त्रीयांच्या! दीर्घ! 'स्त्री' दीर्घ, पण 'स्त्रियांच्या' लिहिताना ऱ्हस्व होते, हे मला सहावीत शिकवले होते. खाली सही प्राध्यापकाची. मागच्या कपाटातल्या एकाही पुस्तकात ही चूक सापडणार नाही. मी पाहिले आहे. ज्यांना स्त्रियांचा शब्द धड लिहिता येत नाही ते त्यांची पुस्तके टाकाऊ ठरवणार.  मी टाचणी काढून परिपत्रक उतरवले, वेलांटी दुरुस्त केली आणि परत लावले. एवढेच करता आले.

मग धीर करून सरांच्या खोलीत गेलो.

"सर, ही पुस्तकं लोक वाचतात."

"कोण लोक?"

"बायका."

"पुरावा?" सरांनी नोंदवही पुढे सरकवली. ते कधी आवाज चढवत नाहीत. त्यामुळे जास्त राग येतो. "यात एक नाव दाखव. हे 'किरकोळ' म्हणजे मासिकं. अरे, वाचनालय म्हणजे करमणुकीचा फड नव्हे. आणि समजा वाचतात, तरी ते वाचन नव्हे, ते चघळणं. हलकं आहे सगळं. तुझ्यासारख्या होतकरू मुलानं यात पडू नये."

पुरावा होता. चार दिवस घासून मी तो स्वतःच्या हाताने पुसला. आणि काम नीट झाले म्हणून झोपलोसुद्धा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मला यादी करायला सांगितली आहे. पुस्तकाचे नाव, लेखिका, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात 'काढण्याचे कारण'. ग्रंथपालकाका म्हणाले, सगळीकडे 'टाकाऊ' लिही आणि खाली तेच तेच अशा खुणा मार.

'टाकाऊ' हे कारण होऊ शकत नाही. कारण म्हणजे 'का' या प्रश्नाचे उत्तर. मी एकेक पुस्तक समोर घेऊन खरे कारण शोधू लागलो.

क्रमांक एक. कारण: नायिकेला बढती मिळते आणि नवऱ्याला मिळत नाही, तरी घर मोडत नाही.

क्रमांक दोन. कारण: जाऊबाई वाईट असेल असे शेवटपर्यंत वाटते, ती नसते.

क्रमांक तीन. कारण: सापडले नाही. पुन्हा वाचावे लागले. तरीही सापडले नाही.

ग्रंथपालकाकांनी कागद वाचला आणि खुर्चीत मागे टेकले. "बाळा, मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. मला सुखानं जाऊ दे."

"काका, तुम्ही सांगा कारण, मी लिहितो."

"कारण एकच, सरांना नकोत."

"हे लिहू?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

मला एक समजत नाही. त्या खिडकीपाशी उभ्या माणसाला एकतीस पाने काही झाले नाही, तो थोर. आणि अंगठी भाड्याची आहे हे सांगताना त्या मुलीच्या पोटात गोळा आला, तो मला इथे स्टुलावर आला, ते हलके! उगीच कोणाच्या पोटात गोळा येतो का?

(शिवण तपासताना वाचले.)

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी आठ वाजता खोलीत पूर्वेच्या खिडकीतून ऊन आडवे येते. 'भाड्याची अंगठी'चा एकविसावा कागद सुटा करून मी टेबलावर ठेवला होता, खळ लावायला. शिक्क्याच्या बाजूला कागदावर एक फूल होते. पेन्सिलीचे नव्हे. नुसता खड्डा. पाच पाकळ्या.

मी खाली वाकून डोळा कागदाच्या पातळीला आणला. बाण. उलटा बाण. टिंबे. चांदणी. चिमटा! ताईचा चिमटा मोठा खोल होता, ती सगळे काम जोर लावूनच करते.

पेन्सिलीची रेघ रबराने जाते. कागद दबलेला असतो तो उठत नाही. मी नऊ वर्षे कागदात काम करतो आहे आणि हे मला पंधरा दिवसांत सुचले नाही. मी टेबलावर बसून घेतले. खुर्चीवर नव्हे, टेबलावर.

आता रोज आठ ते दहा या उन्हात मोजायचे. तीनशे सत्त्याऐंशी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मोजून झाले. दोनदा मोजले. वेगवेगळ्या खुणा दोनशे बारा, म्हणजे दोनशे बारा जणी. एकूण खुणा पाच हजार नऊशे चार. समोरच्या दालनातल्या कपाटांतही, सभागृहातही, काचेच्या कपाटातही पाहिले. तिथे एकविसाव्या पानांवर शिक्का आहे आणि शांतता आहे.

एक खूण मला फार आवडली. अर्धविराम. वर टिंब, खाली शेपटीचे टिंब, अगदी प्रमाणात. तीनशे चाळीस पुस्तकांत. कोणीतरी शिकलेले माणूस आहे, आणि एवढे वाचूनही ज्याला अजून पुढे वाचायचे आहे असे.

काल ताई म्हणाली, "तू त्या पुस्तकांसाठी एवढा का पेटलायस? तू तर वाचत नाहीस."

"अन्याय आहे म्हणून."

"हं. काल भात ढवळताना तू म्हणालास, नर्सला शेवटी कळायलाच हवं होतं. कोणती नर्स?"

मी पाणी प्यायला गेलो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

छत्रीवाल्या बाईंना पुस्तक परत करताना मी पाहिले. त्यांनी खिडकीला पाठ केली, पर्समधून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि एकविसाव्या पानावर अर्धविराम काढला. तो अर्धविराम त्यांचा!

मी आनंदाने म्हणालो, "बाई, तुमच्या तीनशे चाळीस आहेत. रविवारी सभेत या, मी सगळ्यांसमोर दाखवणार आहे."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यांना... अध्यक्षांना हे चालणार नाही. दोन दिवस जेवताना तेच चाललंय." मग लगेच म्हणाल्या, "म्हणजे असेल, त्यांच्या घरी."

उन्हातून आल्यामुळे त्या जरा गोंधळल्या असाव्यात. मी त्यांना पाणी दिले. त्यांनी आजही सरांचा ग्रंथ वर बांधून नेला आणि संध्याकाळी कोणाबरोबर तरी परत पाठवला. निरोप होता की सध्या नको.

रविवार, २३ फेब्रुवारी. सभेनंतर, दुपारी ३.

कार्यकारिणीचे सात जण टेबलाभोवती बसले. भिंतीला लागून बायका उभ्या होत्या. मी चौतीस मोजल्या. खुर्च्या होत्या, पण मांडायला कोणी सांगितले नव्हते. ताईला सुट्टी मिळाली नाही. छत्रीवाल्या बाई दाराशी, अर्ध्या बाहेर.

सरांनी प्रस्ताव मांडला. हळू आवाजात, छान बोलले. वाचनालयाने माणसाला वर न्यायचे असते, हलक्या गोष्टींनी माणूस आहे तिथेच राहतो, वगैरे.

शिलाईवाल्या काकू मागून म्हणाल्या, "आम्ही आहोत तिथं जरा बसू तरी द्या, दिवसभर उभ्याच असतो."

बायका हसल्या. सरांनी पेन टेबलावर ठेवले आणि हसणे थांबायची वाट पाहिली.

मग मी माझा तक्ता वाचला. दोनशे बारा खुणा. पाच हजार नऊशे चार वाचने. एक सुटे पान खिडकीतल्या उन्हात आडवे धरून दाखवले. एक सदस्य उठून बघायला आले आणि "खरंच की!" म्हणाले.

"म्हणजे खुणा तूच खोडल्यास, आणि खोडलेल्या खुणांचे खड्डे तूच मोजलेस," सर म्हणाले. "छान. नोंदवही काय म्हणते ते मी सांगतो. स्वतःबद्दल बोलू नये, पण इथं आकडाच बोलतोय. माझा समीक्षाग्रंथ सहा वर्षांत तीनशे दोन वेळा गेला. याचा अर्थ काय? कसदार दिलं की लोक कसदार वाचतात. लोकांना कमी लेखू नका."

लोकांना कमी लेखू नका! हे ते म्हणाले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ग्रंथ माझ्यापाशीच होता, तुलनेला आणलेला. सगळ्याच वेळा एकाच क्रमांकावर गेलेला, आणि आतली पाने जोडलेली. मी तो उचलला आणि उभा राहिलो.

"सर, या ग्रंथाची पानं—"

दारात छत्रीवाल्या बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मान हलवत होत्या. नाही, नाही. एवढी लहान हालचाल, पण मला दिसली.

माझ्या तेव्हा ध्यानात आले. हिने वाचले नाही हे चारचौघांत दाखवून देणे, आणि हा हे असले वाचतो हे चारचौघांत दाखवून देणे, यात काय फरक? दोन्ही वेळी माणसाच्या हातातले पुस्तक ओढून घ्यायचे आणि सगळ्यांनी बघायचे. मी तीन वर्षे डब्याखाली पुस्तक लपवतो आहे. मला ते ओढणे माहीत आहे.

"पानं काय?" सरांनी विचारले.

"चांगल्या कागदाची आहेत, सर."

सर हसले. "बरं. आता मला सांग, तू या बायकांचा वकील कधीपासून झालास? तू पुरुषमाणूस. यातलं एक तरी वाचलंयस?"

सगळे हसले. सदस्य हसले, दोन-तीन बायकाही हसल्या. शिवण तपासताना, असे मला म्हणायचे होते. जिभेवर आलेच होते.

"एकशे सेहेचाळीस," मी म्हणालो.

"कामाचा भाग म्हणून."

"नाही सर. मला आवडतात."

कोणी हसले नाही. मग मात्र माझे तोंड थांबेना. जे बोललो ते आठवते तसे लिहितो. "तुम्ही दिलेल्या कादंबरीत सहा महिने मी एकतिसाव्या पानावर आहे, सर. चूक माझी असेल. पण यांतली एक वाचून मी दोन वर्षांपूर्वी ताईची माफी मागितली होती. तिनं माझ्यासाठी लग्न लांबवलं हे मला ती कादंबरी वाचेपर्यंत दिसलं नव्हतं, आणि आम्ही एका खोलीत राहतो. मी वर गेलो की नाही मला माहीत नाही. पण तुम्ही याला हलकं म्हणता तेव्हा माझ्या ताईला हलकं म्हणता, आणि ते मी ऐकून घेणार नाही. आणि 'स्त्रियांच्या' ऱ्हस्व आहे."

शेवटचे वाक्य म्हणायला नको होते. त्याने सगळा परिणाम गेला असावा.

मतदान झाले. रद्दीच्या बाजूने तीन हात. विरुद्ध तीन. ग्रंथपालकाका चिटणीस असल्यामुळे त्यांना मत आहे. त्यांनी डोळे मिटले आणि विरुद्ध हात वर केला. डोळे मिटलेले, पण हात पूर्ण वर होता.

कपाट राहिले.

पण सरांनी दोन अटी घालून घेतल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एक, कपाटावर 'हलके साहित्य' अशी पाटी लागेल. दोन, यापुढे पुस्तकावर कोणतीही खूण केल्यास प्रत्येक पुस्तकामागे पाच रुपये दंड. शिवाय मला समोरच्या दालनातल्या ग्रंथांना हात लावायचा नाही. मी मागच्या खोलीतच काम करायचे.

बाहेर कडक ऊन होते. छत्रीवाल्या बाईंनी सरांना आपल्या छत्रीत घेतले आणि दोघे बरोबर गेले. एवढे सगळे ऐकूनही त्यांना छत्रीत घेतले. बाईंचे मन मोठे आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

खिडकीवरच्या कारकुनाने मला "या वहिनी" म्हणून हाक मारली. चहावाल्यानेही ऐकले. कान तापले. मी म्हणालो, "वहिनींना कामं आहेत, तुमचं काय आहे ते लवकर बोला."  मला असे उत्तर कधी सुचत नाही. एकशे सेहेचाळिसांपैकी कुठल्यातरी नायिकेचे असणार.

ताईला कोणीतरी सगळे सांगितले आहे.  माझ्या ताटात तिने स्वतःच्या वाटणीचे वाढले आणि मी नको म्हणालो तर म्हणाली, "खा गपचूप. सभेत तोंड चालतं, इथं बंद ठेव."

पाटी मीच रंगवायची आहे. हलके साहित्य. किती वेळा मनात वाचले तरी चीड येते. पाटी लावताना शिलाईवाल्या काकूंनी खाली उभ्या राहून वाचली आणि म्हणाल्या, "लागू दे. जड त्यांचं त्यांनी उचलावं."

शनिवार, २९ फेब्रुवारी

आठवडाभर विचार केला. दंडाचा नियम बायकांसाठी केला आहे, हे उघड आहे. समोरच्या दालनात कोणी खुणा करत नाही, कारण तिथले कोणी वाचत नाही. म्हणजे जी वाचेल तिलाच दंड. सभेपासून बायका पुस्तक हातात घेतात, एकविसावे पान उघडतात, पेन्सिल काढतात, इकडेतिकडे बघतात आणि पेन्सिल परत ठेवतात. नर्सबाई काल रडून आल्या होत्या आणि बाण न काढताच गेल्या. हे मला बघवत नाही.

आज सकाळी आठ वाजता मी शाईची दौत उघडली. पेन्सिल नाही, शाई. जी एकशे सेहेचाळीस पुस्तके मी वाचली आहेत ती ओळीने काढली आणि प्रत्येकाच्या एकविसाव्या पानावर माझी खूण केली. पुस्तक शिवायची सुई, नाकासकट. पहिल्या पुस्तकावरची सुई वाकडी आली. बाकीच्या सरळ आहेत. साडेअकरापर्यंत झाले. पुस्तकावर कोणी काही काढलेले मला खपत नाही, आणि हे मी काढले.

मग स्वतःहून ग्रंथपालकाकांपुढे उभा राहिलो आणि दंडाच्या वहीत माझे नाव पहिले लिहायला लावले. ते म्हणाले, "कोणी तक्रार केलेली नाही." मी म्हणालो, "मी करतो आहे." दुपारपर्यंत बातमी पसरली. शिलाईवाल्या काकू आल्या, दंडाची वही उघडून पाहिली, आणि पेन्सिल घेऊन पुस्तकावर फूल काढले. पाचही पाकळ्या, सावकाश. मग दंड पुढे ठेवला. त्यांच्यामागे रांग होती.

माझा हिशोब:

दंड, १४६ पुस्तके, प्रत्येकी ५ — ७३०
भरले, माझ्याकडून — ८०
भरले, ताईकडून — २०
भरले, सभासद क्रमांक ८८ कडून, दुसऱ्या कोणाच्या हाती, पाकिटात, पावती नको असा निरोप — १००
देणे बाकी — ५३०

याखेरीज माझा खर्च: मऊ रबर दोन, ३, शाई, ६. हे वाचनालयाकडे मागणार नाही.

दरमहा ४० प्रमाणे तेरा महिने आणि वर १०. या तेरा महिन्यांत जे वाचेन त्याचा दंड वेगळा धरावा.